शेंगदाण्याचं दूध घरी कसं करावं

घरात कुणाला गाईम्हशीचं दूध पचत नसेल, तर लगेच महागडं बदामाचं दूध आणायला धावू नका. मराठवाड्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत दाण्यांचा डबा असतोच. त्या दाण्यांचं दूध दाट आणि चवीला गोडसर होतं, खर्चही बेताचा. आपल्याकडे ही गोष्ट अगदी नवखीही नाही. कर्नाटकाच्या सीमेकडे करडई वाटून तिचं दूध काढतात आणि गव्हाच्या खिरीत घालतात.

साहित्य थोडं आहे: १ वाटी कच्चे शेंगदाणे, ४ वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. गूळ आणि वेलची आवडीप्रमाणे.

दाणे निवडणं. इथे घाई नको. दाणे ताटात पसरून उजेडात बघा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी धरलेले दाणे सरळ फेकून द्या. ओलसर जागी ठेवलेल्या दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते उकळूनही जात नाही. एखादा दाणा चावून बघा. खवट लागला तर तो डबा दुधासाठी वापरूच नका.

भिजवणं. रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, ६ ते ८ तास पुरतात. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पाणी लवकर आंबतं, म्हणून मध्ये एकदा बदला. उन्हाळ्यात मी तरी भांडं फ्रीजमध्येच ठेवायला सांगेन.

कच्चट वास घालवणं. पुष्कळ जणांना हे दूध आवडत नाही, त्याचं कारण हा वास. भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं टाका, मग गाळून गार पाण्यात घाला. आता दाणा चिमटीत धरून दाबला की साल पटकन सुटून येते आणि आतला पांढरा दाणा निसटतो. सगळी सालं काढा. ती राहिली तर दूध तुरट आणि मळकट दिसतं.

वाटणं, गाळणं. आधी फक्त १ वाटी पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा. बोटांत चोळून बघा, रवाळ लागलं तर अजून फिरवा. मग उरलेलं ३ वाट्या पाणी घालून एकदा फिरवा आणि मलमलच्या ओल्या फडक्यातून घट्ट पिळून काढा.

उकळणं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर १० मिनिटं, सतत ढवळत. हे दूध बुडाला पटकन लागतं आणि फेस धरून उतू जातं, म्हणून गॅसजवळून हलू नका. मीठ घाला. गूळ मात्र दूध कोमट झाल्यावरच. चहात घालायचं असेल तर दूध वेगळं गरम करून शेवटी घाला. आंबट किंवा फार कडक चहात ते फाटतं.

बाटलीत भरून फ्रीजमध्ये २ दिवस टिकतं. वर साय आली किंवा पाणी वेगळं झालं तर बाटली हलवा, दूध नासलेलं नसतं. आंबूस वास आला तर मात्र टाका. वीज सारखी जात असेल तर त्या दिवसापुरतंच करा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. दाण्यांत प्रथिनं चांगली असली तरी कॅल्शियम दुधाएवढं नसतं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी हे देऊ नका. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर थेंबही घेऊ नये.

बदामाचं दूधही असंच निघतं, फक्त सोलण्यापुरतं मिनिटभर गरम पाणी पुरतं आणि नंतर उकळायची गरज नाही.

फडक्यात उरलेला चोथा फेकू नका. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तिखट, ओवा आणि कोथिंबीर घालून त्याचे धपाटे थापा. चोथ्यात ओल असते, त्यामुळे पीठ मळताना पाणी हात राखूनच घाला.