आहेराच्या ढिगातून आपला रंग कसा शोधायचा

"मला कुठला रंग सूट होतो गे?" हे ब्लाऊजचं माप देता देता बायका विचारतातच, आणि मला काय माहीत म्हणायची सोय नाही, बेळगावच्या वडगावात ब्लाऊज शिवायला बसले म्हणजे दिवसभर समोर रंगच असतात की. म्हणून जे सगळ्यांना सांगते तेच इथे एकदा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे खडेबाजारात पळायचं नाही. कपाट उघडायचं. साड्या, ड्रेस सगळं पलंगावर काढा आणि दोन ढीग करा, एक तुम्ही स्वतः पसंत करून घेतलेल्यांचा, दुसरा मिळालेल्यांचा. मानपानाची, ओटीची, वास्तुशांतीची, भाऊबीजेची, नणंदेनं "तुला छान दिसेल" म्हणून दिलेली, असं सगळं दुसऱ्यात. बहुतेक घरात दुसराच ढीग मोठा निघतो. आणि मग आपण म्हणतो कपाट भरलंय पण नेसायला काही नाही. असेल कसं, त्यात तुमची आवड कुठंय, जावेची आहे, नाहीतर दुकानदाराची आहे. आहेर घेताना कोण कुणाचा रंग बघत बसतंय, बजेट सांगायचं आणि नग मोजून घ्यायचे.

आता पहिला ढीग बघा. त्यात काय परत परत आलंय? मोरपंखी, रामा, बॉटल ग्रीन असं एकाच घराण्यातलं तीन-चारदा आलं असेल तर ती तुमची आवड, तुम्ही तोंडानं "मला गुलाबी आवडतो" म्हणत असलात तरी. दुसरी खूण म्हणजे कुठल्या साडीचा ब्लाऊज उसवून उसवून सैल केलाय. आवडती नसती तर एवढे कष्ट कोण घेतंय. आणि इथून पुढे एक सवय लावा, नेसून धुवून आलेली साडी ढिगात वरच ठेवायची, मध्ये खुपसायची नाही. दिवाळीच्या साफसफाईला तळाशी काय राहिलंय ते बघा. तळातल्यांचं काय करायचं ते पुढे सांगते, टाकायच्या नाहीत.

मग रंग बघायचा. इन्स्टावर ते समर, विंटर, ऑटम, स्प्रिंग असं चार ऋतूंच्या नावानं माणसांचे गट पाडून कुणाला कुठला रंग ते सांगायचं चाललंय ना, ते ऐंशीच्या दशकात अमेरिकेत लई गाजलं. त्यात कातडीबरोबर केस कुठल्या रंगाचे, डोळे कुठल्या रंगाचे ते बघतात. आपल्याकडे केस काळे, डोळे काळे नाहीतर तपकिरी, मग सगळ्या गल्लीला एकच उत्तर मिळतं. मनगटाची शीर निळी की हिरवी ते बघायची ट्रिकपण सावळ्या हातावर नीट कळत नाही. त्यापेक्षा सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ आरसा घेऊन बसा, मेकअप नको, केस मागे बांधा, आणि दोन कापडं एकापाठोपाठ हनुवटीखाली धरा. एकच धरून काही कळत नाही, दोन पाहिजेत. कापडाकडे बघू नका, डोळ्याखालचं काळं आणि ओठाच्या कडा बघा. एका रंगात डोळ्याखालचं उठून दिसतं, दुसऱ्यात तेच दबतं. दबतं तो तुमचा. गोरं दिसायचा ह्यात काही संबंध नाही, चेहरा झोप झाल्यासारखा दिसला की झालं.

मोबाईलच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, कॅमेरा आपोआप रंग बदलून टाकतो, राणी कलरचा फोटोत लाल होतो. पण फोटोचा एक उपयोग आहे, तोच फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, चेहरा आणि कापड एकसारखंच राखाडी दिसत असेल तर लांबून तुम्ही सपाट दिसणार, मग गळ्याला काठ लावा नाहीतर मोठं कानातलं घाला.

दुकानातसुद्धा तेच. गणपत गल्लीत काय आणि शहापूरला काय, दुकानात पिवळा उजेड असला की आमसुली आणि चॉकलेटी सारखेच दिसतात, ट्यूबलाईटखाली परत वेगळे. साडी घेऊन सरळ उंबऱ्यावर या, "बाहेर बघते हां" म्हणायचं, कोण काही म्हणत नाही. मॅचिंग सेंटरला अस्तर घेतानापण तसंच, घरी येऊन रंग निराळा निघाला म्हणून माझ्यापुढे तोंड पाडून उभं राहण्यापेक्षा बरं.

आता मुख्य गोष्ट. साडी साडेपाच मीटर असली तरी चेहऱ्याजवळ तिचं काय येतं? ब्लाऊजचा गळा आणि डाव्या खांद्यावरचा पदर, बस. खाली निऱ्यांत कुठला रंग आहे त्यानं चेहऱ्याला फारसा फरक पडत नाही. म्हणजे आहेराची अंगावर न खुलणारी पिस्ता साडी ब्लाऊज बदलून वाचवता येते. साडीबरोबर आलेला ब्लाऊजपीस शिवलाच पाहिजे असा कायदा नाही. काठातला एक धागा पकडा, त्यातला जो रंग तुम्हाला खुलतो त्याचा ब्लाऊज करा. पिस्त्याला वांगी काठ असेल तर वांगी ब्लाऊज, पदर बारीक निऱ्या करून पिनअप करा म्हणजे पिस्ता खांद्यावर चार बोटंच राहील. मी तर म्हणते प्रत्येकीकडे तीन ब्लाऊज असे पाहिजेत जे कुठल्याही साडीवर चालतात, एक आपल्या खुलणाऱ्या गडद रंगाचा, एक जुन्या सोन्यासारखा जरा मळकट सोनेरी आणि एक खणाचा. मग तळातल्या निम्म्या साड्या वर येतात.

रंग शेजारी शेजारी आले की काय होतं ते कळण्यासाठी एक जुनी गोष्ट आहे. पॅरिसला गोबेलँ म्हणून राजाचा विणकामाचा कारखाना होता, तिथे शेव्रल नावाचा केमिस्ट रंगाई खात्याचा प्रमुख होता. त्याच्याकडे तक्रार आली की काळ्या धाग्याला रंग नीट चढत नाही, विणल्यावर फिका पडतोय. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारी निळा-जांभळा धागा आल्यामुळे डोळ्याला काळा कमजोर दिसत होता. १८३९ साली त्यानं ह्यावर मोठं पुस्तकच छापलं. सांगायचा मुद्दा, प्रत्येक रंग शेजारच्याला आपल्या उलट्या बाजूला, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या रंगाकडे ढकलतो. लालाशेजारी हिरवा अजून हिरवा दिसतो. आणि गळ्याला भडक नारिंगी आला तर काहीजणींचा चेहरा राखट दिसतो, ते ह्याच्यामुळे. पण कापड चमकणारं असेल, सॅटीन वगैरे, तर उलटंही होतं, त्याच्यावरचा उजेड उडून त्याचाच रंग हनुवटीवर पडतो. म्हणून तोच रंग कॉटनमध्ये चालतो आणि सॅटीनमध्ये चालत नाही, असं झालं तर रंगाला दोष देऊ नका, कापड बदला.

हे आपल्या इरकलवाल्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं, हिरव्या नाहीतर गर्द निळ्या अंगाला लाल पदर आणि त्यात पांढरं. इरकलीचा पदर लाल-पांढराच असायचा, त्याला टोप तेनी म्हणतात, म्हणजे अंग कुठलंही घेतलं तरी खांद्यावर लालच येणार. ज्यांना लाल खुलतो त्यांनी डोळे झाकून कुठलीही इरकल घ्यावी. ज्यांना खुलत नाही त्यांनी आपल्याला खुलणाऱ्या रंगाचा, बिनचमकीचा ब्लाऊज गळा जरा वर ठेवून शिवावा, म्हणजे लाल आणि चेहरा ह्यांच्यामध्ये काहीतरी येतं.

घेताना पारखून घ्या, कारण आता नावाला इरकल लई झालीत. खऱ्यात अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगळे असतात आणि ते मागावरच एकात एक अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. पदर जिथे सुरू होतो तिथे उलट्या बाजूनं बोट फिरवा, जोड लागतो. छापील असेल तर नुसता रंग बदललेला, जोड काही नाही. काठ बघा, चिक्की, गोमी असे जुने काठ विचारले तर दुकानदार पण मग जरा नीट दाखवायला लागतो. खणाचंही तसंच. गुळेदगुड्डचा खण, इरकलच्याच बागलकोट जिल्ह्यातला. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवलं की धूपछाव दिसते. हातमागाच्या खणाला पन्हा कमी असतो, त्यामुळे लांब बाही आणि मोठं माप असेल तर एका खणात ब्लाऊज बसत नाही, आधी शिंपिणीला विचारून मग घ्या. मीटरवर रुंद पन्ह्यात मिळतो तो बहुतेक पॉवरलूमचा, वाईट नाही, स्वस्त पडतो, फक्त हातमागाच्या भावानं घेऊ नका. कडेचा एक धागा ओढून काडी लावा, सुती असला तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर असला तर वितळून कडक मणी होतो. (दुकानात नको, घरी.)

कसुतीचं भरतकाम घेत असाल तर उलटी बाजू बघायची. हाताच्या कसुतीत धागे मोजून टाका घालतात, गाठ मारत नाहीत, गवंती टाका दोन्हीकडून सारखाच दिसतो. मशीनच्या कामाला मागे बॉबिनचा धागा दिसतो.

आवड बदलते त्याचं काय, असं विचारतात. बदलू दे की. आमच्या आया-मावश्यांनी नायलॉन आल्यावर सुती लुगडी बोहारणीला देऊन भांडी घेतली, आणि आता त्यांच्याच नाती जुनं इरकल लुगडं आहे का म्हणून ट्रंका उघडायला लावतात. खण तर नुसता चोळीचा होता, आता त्याच्या साड्या, पर्स, तोरणंसुद्धा. बाही कोपरापर्यंत, मग एकदम छोटी, मग फुगा, परत कोपरापर्यंत. लेगिंग गेली, पलाझो आला, आता कॉर्डसेट. ह्या सगळ्याच्या मागे पळायचं असेल तर आकारात पळा, रंगात नको. म्हणजे नवीन काय आलं ते घ्या, पण आपल्या खुलणाऱ्या तीन-चार रंगांतच घ्या, म्हणजे फॅशन गेली तरी कापड कापून दुसरं काहीतरी होतं आणि कपाटातल्या बाकीच्यांशी जुळतं. ब्लाऊज शिवताना आत मार्जिन जास्त ठेवायला सांगा आणि उरलेलं कापड परत मागून घ्या, बाही वाढवायला तेच लागतं.

नावडता रंग एकदम आवडायला लागला तर लगेच साडी घेऊ नका. आधी ओढणी, बांगड्या, नाहीतर साधी कुर्ती घ्या, दोन महिने वापरा. टिकला तर मग मोठं काहीतरी.

वयाबद्दल माझं मत जरा कडक आहे. पन्नाशी आली की फिक्कं नेसायचं हे कुणी ठरवलं? केस पांढरे झाले की उलट राणी, जांभळा, मोरपंखी जास्त खुलतो, पांढऱ्या केसांशेजारी तो रंग उठतो. मळकट मेहंदी आणि मोहरी मात्र जपून, चेहरा पिवळट दिसतो. आणि नवरा गेल्यावर बायकांना जे राखाडी, मोतिया हातात देतात ना, ते मला शिवायलासुद्धा जड जातं. इथून जवळच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. तर कुणी काकू येऊन हळू आवाजात हिरवा शिवू का म्हणाल्या तर शिवा म्हणते, काठाला कसलं लाजायचं, हिरवाच काठ लावा.

नवरात्रात ऑफिसच्या ग्रुपवर नऊ रंग येतात, त्यासाठी नऊ साड्या घ्यायचं येडेपण नको. बरेचसे रंग वारावर असतात, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारिंगी, उरलेले दोन तेवढे बदलतात. करडा कुणाकडेच नसतो, त्या दिवशी काळी-पांढरी बारीक चौकटीची ओढणी घ्या, लांबून करडीच दिसते. संक्रांतीला काळी चंद्रकळा एकदा चांगली घेतली की वर्षानुवर्षं चालते, तिथे पैसे वाचवू नका.

पावसाचं वेगळं. आपल्याकडे, खानापूरकडे तर जास्तच, तांबड्या मातीचा चिखल उडतो आणि ऑफ-व्हाईट पलाझोवरचा तो डाग कितीही घासा जात नाही. जून ते सप्टेंबर खाली विटकरी, चॉकलेटी, शेवाळी घाला आणि हौसेचा फिका रंग वर घाला. जाड अस्तराचे ब्लाऊज त्या दिवसांत वाळत नाहीत, कुबट वास मारतात, एकेरी रुबियाचे दोन करून ठेवा.

शिवायला टाकायच्या आधी एवढं करा. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून इस्त्री करून आणा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं आणि ब्लाऊजला सुरकुत्या पडतात. लाल, मरून, गर्द निळा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून बघा, रंग लागला तर तो कपडा पुढेही वेगळाच धुवायचा, मीठ घातल्यानं रंग पक्का होतो ह्यावर भरवसा ठेवू नका. आणि साडी बरोबर घेऊन या, नुसता फोटो दाखवून "ह्याच्यावर मॅच कर गे" म्हणू नका, वर लिहिलंय ना फोटोत राणीचा लाल होतो. लग्नसराईत किमान महिनाभर आधी टाका, दिवाळीचं असेल तर दसऱ्याच्या आत.