जुने बिल्ड उडवण्याआधी

इंदूरला नोकरी लागून चार महिने झाले होते. एका संध्याकाळी जेनकिन्स, म्हणजे कोडपासून चालवता येणारं सॉफ्टवेअर (त्यालाच बिल्ड म्हणतात) आपोआप बनवणारं साधन, ठप्प झालं. डिस्कवरची मोकळी जागा 1 जीबीच्या खाली गेली, की मूळ सेटिंगप्रमाणे ते नोडच, म्हणजे बिल्ड बनवणारं मशीनच, ऑफलाइन करतं. सीनियर म्हणाला, "अरे, तीस दिवसांपेक्षा जुनं सगळं उडव आणि क्रॉनमध्ये टाकून दे." ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये मी तशी स्क्रिप्ट टाकली. जागा झाली आणि राजेंद्रनगरच्या खोलीवर जाऊन मी निवांत झोपलो.

पुढच्या महिन्यात एका ग्राहकाचा सर्व्हर बसला. नवीन मशीनवर जुनंच बिल्ड चढवायचं होतं. फोल्डर उघडलं तर रिकामं. त्या प्रोजेक्टला दोन महिने कुणी हात लावला नव्हता, म्हणजे त्याचं प्रत्येक बिल्ड 'जुनं'च होतं. सोर्स होता, पण त्यात वापरलेल्या लायब्ररींच्या (तयार कोडच्या) नेमक्या आवृत्त्या बांधून ठेवलेल्या नव्हत्या. नवं बिल्ड वेगळंच वागायला लागलं आणि ते निस्तरता निस्तरता पहाट झाली.

हे नीट समजून घ्या. रोज पाच वेळा बनणाऱ्या प्रोजेक्टची तीस दिवसांत दीडशे बिल्ड साठतात. डिस्क तीच खातात आणि दिवसांचा नियम त्यांना हातही लावत नाही. महिनोन्‌महिने शांत असलेल्या प्रोजेक्टचं मात्र शेवटचं, ग्राहकाकडे चालू असलेलं बिल्ड जातं. म्हणून दिवस मोजू नका, संख्या मोजा: शेवटची किती बिल्ड ठेवायची ते ठरवा.

जेनकिन्सच्या 'डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स' या सेटिंगमध्ये ही सोय आहेच, आणि ते शेवटचं यशस्वी बिल्ड राखतं. माझ्या स्क्रिप्टला ती अक्कल नव्हती. मी आता नोंदी पन्नास बिल्डच्या ठेवतो, आर्टिफॅक्ट, म्हणजे बिल्डमधून तयार झालेल्या फाइली, फक्त दहांचे. खरी जागा तेच अडवतात. दिवस आणि संख्या दोन्ही भरलेत तर जी मर्यादा आधी ओलांडली जाईल ती लागू होते. ग्राहकाकडे जे चालू आहे त्यावर 'कीप धिस बिल्ड फॉरेव्हर' लावा, आजच लावा.

सेटिंग केल्यावर जागा लगेच मोकळी झाली नाही तर घाबरू नका. ही सफाई साधारणपणे त्या जॉबचं (जेनकिन्समधल्या त्या प्रोजेक्टचं) पुढचं बिल्ड झाल्यावर होते. वर्कस्पेस, म्हणजे बिल्ड जिथे बनतं ते फोल्डर, वेगळं; ते यात येत नाही.

नोकरीला चार महिनेच झालेल्या मुलाला एका वाक्यात क्रॉन सांगून निघून जाणं, याला शिकवणं म्हणत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची चूक झाली असेल तर ती एकट्या तुमची नाही.

आणि फाइली शोधणारी फाइंड कमांड वापरायचीच असेल तर 'डिलीट' अगदी शेवटी लिहा. नावाच्या किंवा दिवसांच्या अटीआधी लिहिलंत तर अट तपासण्याआधीच सगळं जातं. आधी आठवडाभर 'प्रिंट' लावून यादी बघा. मी अजूनही ती रोज सकाळी वाचतो.