डिट्टो, झोरोआर्क आणि बाकीचे बहुरूपी: यांच्याशी आणि यांना घेऊन कसं खेळायचं

पोकेमॉन गेममध्ये रूप बदलणाऱ्या ॲबिलिटी, म्हणजे पोकेमॉनचे अंगचे गुण, बऱ्याच आहेत, आणि प्रत्येकीचा नियम वेगळा. सगळे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. समोरच्याने रूप बदललं की स्वतःला एवढंच विचारा: याचं काय बदललं नाही? उत्तर तिथेच सापडतं. लालबागला राहणाऱ्या माझ्या भाचीला मी शोडाउनवर खेळायला शिकवतो, तेव्हा सुरुवात इथूनच करतो. शोडाउन म्हणजे ब्राउझरमध्ये फुकट चालणारा लढतींचा सिम्युलेटर. एक लढत दादर ते घाटकोपर लोकलमध्ये आरामात होते, त्यामुळे सरावाला सबब नाही.

आधी डिट्टो, म्हणजे समोरच्याची नक्कल करणारा पोकेमॉन, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. त्याचे सगळे बेस स्टॅट (मूळ ताकदीचे आकडे) फक्त ४८, म्हणून लोक त्याला कच्चा धरतात. पण ट्रान्सफॉर्म झाला की समोरच्याचा टाईप (ड्रॅगन, घोस्ट असा प्रकार), ॲबिलिटी, चारही मूव्ह (डाव) आणि अटॅक, डिफेन्स, स्पीड वगैरे आकडे तो जसेच्या तसे उचलतो. शिवाय समोरच्याने लढतीत वाढवून घेतलेले स्टॅटही त्याला मिळतात. त्याचं स्वतःचं राहतं ते एचपी (म्हणजे जीव) आणि हातातला आयटम. उचललेल्या प्रत्येक मूव्हला पीपी (तो किती वेळा वापरता येईल तो आकडा) फक्त ५ मिळतात, हेही ध्यानात ठेवा.

डिट्टोची साधी ॲबिलिटी लिंबर. ती असली तर ट्रान्सफॉर्म मूव्ह वापरण्यात एक अख्खी पाळी जाते आणि तेवढ्यात तो मार खाऊन आडवा होतो. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइट या गेमपासून त्याला इम्पोस्टर ही हिडन, म्हणजे सहज न मिळणारी, ॲबिलिटी मिळाली. ती असली की मैदानात पाय ठेवताक्षणी रूप बदलतं, पाळी वाया जात नाही. लढायला डिट्टो घ्यायचा तर इम्पोस्टरवालाच घ्या. स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेममध्ये साधा डिट्टो पकडून त्याला ॲबिलिटी पॅच (हिडन ॲबिलिटी देणारा आयटम) दिला तरी चालतं.

आता त्याची बांधणी. बाकी आकडे उसनेच येणार, म्हणून ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) घालायचे ते एचपीमध्ये, पूर्ण २५२. लेव्हल ५० ला आयव्ही (जन्मजात गुण) ३१ असेल तर १५५ एचपी होतात. आयटम चॉईस स्कार्फ, दुसरं काही नको. नक्कल केल्यावर दोघांचा स्पीड सारखा होतो, मग आधी कोण मारणार हे नशिबावर जातं. स्कार्फने तुमचा स्पीड दीडपट होतो आणि पहिला वार तुमचा. क्विक पावडरने स्पीड दुप्पट होतो असं वाचून पुष्कळ जण ती देतात, पण ती फक्त मूळ रूपातल्या डिट्टोवर चालते. रूप बदललं की तिचा उपयोग संपला.

मागच्या रविवारी भाचीने फोन माझ्यापुढे धरला. ‘मामा, याचा ड्रॅगनाइट दोनदा नाचला, आता मेले ना मी?’ ड्रॅगन डान्स दोनदा म्हणजे अटॅक दुप्पट, स्पीड दुप्पट. तिचा पुढचा पोकेमॉन पडला, मग डिट्टो उतरवला. तो तसाच दुप्पट अटॅकचा ड्रॅगनाइट झाला, आणि स्कार्फमुळे स्पीड तिप्पट. ड्रॅगनवर ड्रॅगनचाच मूव्ह दुप्पट लागतो. आधीच्या माराने समोरच्याचा एचपी थोडा उतरला होता, म्हणून एचपी पूर्ण असताना मार निम्मा करणारी त्याची मल्टीस्केल ॲबिलिटीही गेली होती. एका ड्रॅगन क्लॉमध्ये काम झालं.

यातली वेळ नीट समजून घ्या. डिट्टो आणायचा तो आपला कोणी पडल्यावर, म्हणजे आत येताना मार बसत नाही. स्कार्फमुळे पहिल्या मूव्हवर अडकायला होतं, म्हणून मूव्ह निवडण्याआधी समोरचा दुसरा कोण आणू शकतो याचा विचार करा. ड्रॅगन आणि घोस्ट हे टाईप स्वतःच्याच टाईपच्या मूव्हला कच्चे असतात, तिथे डिट्टो सोनं आहे. स्टीलवाल्यापुढे तसं नाही, स्टीलला स्टीलचा मार कमीच लागतो. कॉर्व्हिनाइटची नक्कल करून कॉर्व्हिनाइटला काय मारणार?

डिट्टो समोरच्याकडे असेल तर? सब्स्टिट्यूट (एचपी देऊन पुढे उभा केलेला बाहुला) लावून ठेवा, त्यामागे असलेल्याची नक्कल होत नाही. स्टॅट वाढवायचे असतील तर मागे अनअवेअर ॲबिलिटीचा डोंडोझो किंवा क्लॉडसायर ठेवा. ते समोरच्याचे वाढलेले आकडे धरतच नाहीत, म्हणजे उसना घेतलेला नाच फुकट जातो. आणि लढत सुरू होताना समोरची टीम दिसते तेव्हा त्यात डिट्टो दिसला, की आपला सगळ्यात तगडा पोकेमॉन उगाच फुगवत बसू नका. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो: डिट्टो मैदानात न येताही समोरच्याचा हात आखडतो.

झोरोआर्कचं बरोबर उलट. त्याची इल्युजन ॲबिलिटी म्हणजे नुसता वेश. टीममधला शेवटचा जिवंत पोकेमॉन जो असेल त्याचं रूप आणि नाव तो घेतो. टाईप, आकडे, मूव्ह सगळं स्वतःचंच राहतं. म्हणून टीमचा क्रम लावणं हीच यातली खरी कला. साधा झोरोआर्क डार्क टाईपचा, त्याला सायकिकचा मार लागतच नाही. शेवटच्या जागी पॉयझनवाला अमूंगस ठेवलात तर समोरचा हौसेने सायकिक मारतो आणि शून्य लागतं. हिसुई प्रदेशातला झोरोआर्क नॉर्मल-घोस्ट, त्याला फायटिंग लागत नाही. त्याच्यामागे किंगॅम्बिट ठेवा. किंगॅम्बिटला फायटिंग चौपट लागतं, त्यामुळे समोरच्याचा हात आपसूक तिकडेच जातो. मात्र सोंग थेट मार बसला की उतरतं, आणि झोरोआर्कचं अंग नाजूक आहे, साध्याचे एचपी आणि दोन्ही डिफेन्स ६०. एकदा फसवता आलं की त्याच पाळीत फायदा उठवायचा.

ओळखायचं कसं? मारापेक्षा बारीकसारीक गोष्टी बघा. स्पाइक्स म्हणजे जमिनीवर पेरलेले काटे, उडणाऱ्याला ते लागत नाहीत; तरी उडणाऱ्या पोकेमॉनला आत येताना ते टोचले, तर आत झोरोआर्क आहे. दिसतोय त्या पोकेमॉनला शिकताच न येणारा मूव्ह आला, तरीही तोच. संथ म्हणून माहीत असलेला अचानक आधी मारू लागला तर संशय घ्या, साध्या झोरोआर्कचा बेस स्पीड १०५ आहे. शोडाउनच्या रँडम लढतीत समोरची टीम आधी दिसत नाही, तिथे जास्तच डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. मिमिक्यूचं डिसगाइझ पहिला मार अडवतं. २०१९ च्या स्वोर्ड आणि शील्डपासून तेव्हा त्याचा आठवा हिस्सा एचपी जातो. त्याच्यावर एकाच पाळीत अनेकदा लागणारा मूव्ह वापरा, पहिल्या फटक्यात सोंग फाटतं आणि बाकीचे अंगावर बसतात. एजिस्लॅश ढाल होऊन उभा असताना त्याच्यावर डोकं आपटू नका. त्याने वार केला की तो तलवारीच्या रूपात जातो आणि डिफेन्स कोसळतो, मारायचं तेव्हा. किंग्ज शील्ड लावली की पुन्हा ढाल होतो, आणि त्या वेळी अंगाला भिडून मारलंत तर तुमचाच अटॅक उतरतो. ग्रेनिन्जाची प्रोटियन मूव्ह टाकण्याआधी टाईप बदलते. नवव्या पिढीत (स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये) हे मैदानात आल्यावर एकदाच होतं, म्हणजे पहिल्या मूव्हनंतर त्याचा टाईप ठरलेला, त्यावर निशाणा धरा. पॅलाफिन बाहेर जाऊन परत आला की अटॅक ७० वरून १६० वर उडी मारतो, तेव्हा तो बाहेर जाण्याआधीच त्याला पाडायचा प्रयत्न करा.

दोन्हीकडे इम्पोस्टरवाले डिट्टो समोरासमोर आले तर एक गोष्ट माहीत असू द्या: ज्याने आधीच रूप बदललंय त्याची नक्कल होत नाही. मूव्ह म्हणून हातात फक्त ट्रान्सफॉर्म उरतो आणि तोही फसत राहतो. तिथे हट्ट न करता डिट्टो परत बोलवा आणि दुसरा कोणी उतरवा.