वस्तीतला गोळीबार रोखताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या एखाद्या शहरात, वस्तीत गोळीबार झाला की चार दिवसांत मेणबत्ती मोर्चा निघतो, पोरांसाठी बास्केटबॉलचे सामने ठरतात आणि काम सुरू झालं असं सगळ्यांना वाटतं. सामने वाईट नाहीत, पण बंदूक बाळगणारा तिथे फिरकतच नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये खुनांच्या फायली तपासल्या तेव्हा दिसलं, की चार लाखांच्या शहरात बहुतेक खुनांशी संबंध येणारी माणसं जेमतेम काहीशे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी शाळेचं वय केव्हाच ओलांडलंय. तेव्हा राबराब राबूनही आकडा हलत नसेल, तर आधी आपली यादी काढून बघा. आपण नेमकं कोणाशी बोलतोय?

पुढची गफलत माणूस नेमताना होते. गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने 2000 साली शिकागोच्या वेस्ट गारफिल्ड पार्क वस्तीत गोळीबार रोखायचं जे काम सुरू केलं, त्याचा कणा म्हणजे मध्यस्थ. त्याच गल्लीत वाढलेला, कित्येकदा तुरुंग बघून आलेला आणि आता त्यातून बाहेर पडलेला. नुसता डिग्रीवाला नेमलात तर कागदपत्रं चोख राहतील. पण जखमी पोराचे मित्र हॉस्पिटलच्या दारात सुडाचं ठरवत असताना त्यांच्या गाडीत जाऊन बसायला ओळख लागते. मध्यस्थ तिथे उपदेश करत नाही. ‘आज नको, आधी त्याच्या आईला भेटून ये,’ म्हणतो, जेवायला नेतो, रात्र ढकलतो. भांडणाचं मूळ सोशल मीडियावरचा टोमणा नाहीतर किरकोळ उधारीही असू शकते. रात्र टळली की दुसऱ्या दिवशी बोलता येतं.

म्हणूनच मध्यस्थाकडून पोलिसांसाठी नावं काढू नका. मुंबईच्या मोहल्ला कमिट्यांत पोलीस आणि रहिवासी एकत्र बसायचे, त्यामुळे आपल्याला हे विचित्र वाटेल. त्या मोजक्या माणसांशी थेट बोलायच्या ओकलंडच्या योजनेतही पोलीस उघडपणे असतात, तेही चालतं. चालत नाही ती सरमिसळ. मध्यस्थाबद्दल ‘खबरी’ अशी कुजबुज झाली की त्याचं काम संपलं, वर जिवाला धोका. बाल्टिमोरमधल्या ‘सेफ स्ट्रीट्स’ या अशाच उपक्रमाचे तीन कार्यकर्ते जानेवारी 2021 ते जानेवारी 2022 या काळात गोळ्यांना बळी पडले. अशा माणसांना तुटपुंज्या पगारावर, सहा-सहा महिन्यांच्या करारावर ठेवायचं, ही काटकसर नव्हे, बेफिकिरी.

पैशाचं तर विचारूच नका. मार्च 2015 मध्ये इलिनॉय राज्याने शिकागोतल्या या कामाचा निधी थांबवला, आणि 2016 मध्ये शहरात साडेसातशेहून जास्त खून झाले. सगळं खापर त्या कपातीवर फोडता येणार नाही, पण बंद करायची वेळ ती नव्हती. ओकलंडची गोष्ट जास्त बोचरी आहे. 2012 पासून पाच-सहा वर्षांत खून जवळपास निम्म्यावर आले, मग हळूहळू लक्ष उडालं आणि 2021 मध्ये आकडा पुन्हा शंभराच्या वर गेला. जानेवारी 2024 च्या तपासणीत शहराने मूळ पद्धत सोडूनच दिल्याचं निघालं. आकडे सुधारले म्हणजे आता गरज उरली नाही, हा हिशेब सगळ्यात महाग पडतो.

एक स्वस्त उपायही आहे. फिलाडेल्फियात पडीक प्लॉट साफ करून गवत-झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. गरीब वस्त्यांत अशा जागांच्या आसपास गोळीबार 29 टक्क्यांनी घटल्याचं 2018 च्या अभ्यासात दिसलं. मात्र उद्घाटनाचा फोटो काढून मोकळे होऊ नका. गवत कापायला कोण येणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे कुंपण घालायच्या आधीच ठरवा.