मोटर चालू होत नाही: फॉल्ट कुठून शोधायचा

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन मेंटेनन्सला येणाऱ्या मुलांना स्टार्टरची जोडणी छान येते. अडतं ते फॉल्ट शोधताना. प्रॉडक्शन थांबलेलं, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि मुलगा सरळ पेचकस काढून कॉन्टॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा, कॉइलवर चालणारा स्विच) खोलायला बसतो. खोलू नका. आधी मशीन चालवणाऱ्याला विचारा: बंद पडताना आवाज आला का, वास आला का, काल कुणी पॅनलला हात लावला होता का? ऑपरेटर दिवसभर त्या मशीनपाशी असतो, त्याला बरंच माहीत असतं.

मग मशीनवर कुणाचा हात नाही हे बघून स्टार्ट दाबा आणि कान द्या. कॉन्टॅक्टर खट्‌कन ओढला, तर कंट्रोल सर्किट, म्हणजे बटणांपासून कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंतची वायरिंग, धड आहे; शोध पॉवरच्या बाजूला, म्हणजे मोटरला करंट नेणाऱ्या मुख्य वायरिंगमध्ये. ओढलाच नाही, तर कंट्रोलमध्ये. बटण दाबून धरलं तेवढाच वेळ मोटर चालत असेल, तर बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून ठेवणारा होल्डिंगचा 13-14 कॉन्टॅक्ट किंवा त्याची वायर बघा. मोटर न फिरता नुसतीच गुं-गुं आवाज करत असेल तर लगेच स्टॉप दाबा. एक फेज गेला असेल, नाहीतर पुढचा लोड जाम असेल. एका बटणात अर्धं पॅनल शोधातून बाद झालं, आणि अजून एक स्क्रूही सैल केलेला नाही.

कंट्रोलमध्येही टोकापासून सुरुवात करू नका. फेज फ्यूजमधून ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) 95-96 कॉन्टॅक्टमध्ये, तिथून स्टॉप, स्टार्ट आणि मग कॉइलच्या ए-1 टर्मिनलवर जातो असं धरा. मीटर पहिल्यांदा 96 वर लावा. न्यूट्रलशी 230 च्या आसपास मिळालं तर पुढे जा, नाही मिळालं तर मागे. तुमच्या पॅनलचा क्रम वेगळा असेल, म्हणून ड्रॉइंग हातात हवंच.

पॉवरच्या बाजूला निऑन टेस्टरवर विसंबू नका, हे मी प्रत्येक नव्या मुलाला बजावून सांगतो. एक फ्यूज उडालेला असला तरी मोटरच्या वाइंडिंगमधून उलटा व्होल्टेज येतो आणि टेस्टर तिन्ही फेजवर पेटतो. मीटरने दोन-दोन फेजमध्ये मोजा. तिन्ही जोड्यांत साधारण 415 मिळायला हवेत. मीटरही आधी चालू सप्लायवर तपासून घ्या.

ओव्हरलोड ट्रिप झालेला दिसला की रिसेट मारून मोकळं होण्याचा मोह होतो. तो फॉल्ट नव्हे, तो फॉल्टचा निरोप आहे. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या, नेमप्लेटशी ताडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर मोटर सुटली तरी कशाने सुटली ते कळणार नाही.

खिशात वही ठेवा: लक्षण, रीडिंग, सापडलेलं कारण. एकच मोटर दर पावसाळ्यात ट्रिप होते, हे वहीच दाखवते. तशी दिसली तर सप्लाय तोडून, केबल सोडून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचा मीटर) तपासा. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर वाइंडिंग सुकवल्याशिवाय सप्लाय देऊ नका.