वकिलाचं बिल पटत नाही? भांडायच्या आधी कोर्टाच्या तारखा काढा

आमच्या घरच्या वाटणीच्या केसमध्ये हे सगळं होऊन गेलं म्हणून लिहून राहिलो. मोठी फर्म, एसी ऑफिस, पहिल्या भेटीत चहा-बिस्कीट, आणि नंतर सहा महिने फोन कोणी उचलून नाही राहिलं. पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, दर वेळी नवीन ज्युनियर, त्याला केस वाटणीची की भाडेकरूची हेच माहीत नाही. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर ४२ हजारांचं बिल. १४ पेशींचे दीडहजार प्रमाणे २१, ड्राफ्टिंगचे १२ आणि 'इतर' म्हणून ९.

मामा म्हणे चल, आत्ताच जाऊन बोलतो. मी थांबवलं. रागात गेलं की ते 'कोर्टात असंच असते' म्हणून दोन मिनिटात वाटेला लावतात.

आधी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, फुकट आहे. त्यात केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा, अक्षरं-आकडे मिळून १६ चा) टाकला की सगळ्या तारखा दिसतात, आणि तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी कोर्टात काय झालं तेही बरेचदा दिसतं. आम्ही वहीत एकीकडे बिल, एकीकडे ॲप असं लिहून काढलं तर पेशी निघाल्या ११. त्यातल्या तीनदा जज साहेब रजेवर, आणि एकदा तर आपल्याच वकिलानं वेळ मागून घेतलेला! ॲपवर अर्धवट दिसत असेल तर आपल्या जिल्हा कोर्टात नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची) नक्कल काढा, तिला कोणी नाही म्हणू शकत नाही.

मग एक साधा ईमेल करा. शिव्या नको, 'तुम्ही फसवलं' पण नको, फक्त विचारा: या या तारखांना कोण हजर होतं, 'इतर' खर्चाच्या पावत्या द्या, ॲडव्हान्स कुठे वजा केला ते दाखवा. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं हे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमातच आहे, त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही. जीएसटी लावलाय का तेही बघा. तुम्ही धंद्यासाठी नाही तर घरच्या केससाठी वकील केला असेल तर वकिलाच्या किंवा वकिलांच्या फर्मच्या फीवर जीएसटी लागत नाही. आमच्या शेजाऱ्याच्या बिलात १८ टक्के लावला होता, विचारल्यावर 'सॉफ्टवेअरची चूक' म्हणे. आणि 'जमीन मिळाली की त्यातले इतके टक्के द्या' असं ठरलं असेल तर तो करारच नियमाबाहेरचा आहे, वकिलाला निकालावर टक्केवारी घेता येत नाही.

आमचं उत्तर आठ दिवसांनी आलं. ११ पेशी मान्य, म्हणजे साडेचार हजार कमी. 'इतर'च्या पावत्या निघाल्या ३२०० च्या, आणि आधी दिलेले २० हजार वजाच केले नव्हते. ४२ चे राहिले ११,७००. रजेच्या पेशींचे पैसे मात्र सोडले नाहीत, आम्हीही ताणलं नाही, ज्युनियर बिचारा कोर्टात येऊन तर बसला होता.

वकील बदलायचाच असेल तर पुढची पेशी कधी आहे ते आधी बघा, नवा वकील ठरवा, मग जुन्याला सांगा. उलटं केलं तर मधल्या पेशीला तुमच्याकडून कोणीच नाही, आणि सगळं निस्तरायला दुप्पट पैसे. नवा वकील सहसा जुन्याची एनओसी (हरकत नाही असं पत्र) मागतो, नाही दिली तर कोर्टाची परवानगी घेऊन वकीलपत्र बदलता येतं. 'फी द्या मग फाईल' असं म्हणाले तर घाबरू नका, फीसाठी वकिलाला केसचे कागद अडवून ठेवता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. फी बाकी असेल तर त्यांनी वसुलीचा वेगळा मार्ग धरावा.

ग्राहक कोर्टात जाऊ का, हे सगळेच विचारतात. नाही. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वकिलांना ग्राहक कायद्याच्या बाहेर काढलं. पैसे खाल्ले, खोटं सांगितलं, समोरच्या पार्टीशी हातमिळवणी केली असं काही असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे तक्रार होते, ऑफिस मुंबईला. पण फी जास्त वाटली किंवा केस हरलो एवढ्यावर तिथे काही होत नाही. नवा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आमच्या मामीला हे उशिरा कळलं.

जुन्या फर्मकडून फाईल आम्हाला साडीच्या दुकानाच्या पिशवीत मिळाली. तिथेच बसून पानं मोजा, मूळ सातबारा आणि वारसाचे कागद आहेत का ते बघा, आणि मिळालेल्या कागदांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. आमचा एक मूळ फेरफार त्यांच्या झेरॉक्सवाल्याकडे राहिला होता, तो आणायला परत दोन चकरा झाल्या.