नवी बॅटरी, तरी सेल्फ कुंथतोय

वापरलेल्या गाड्यांत हा दोष इतक्यांदा भेटला, की आता बॅटरीला दोष देण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणी, तपासतो. लक्षणं ठरलेली: इंजिन जड फिरतं, दिवे मंदावतात, बॅटरी मात्र 12.6 व्होल्ट दाखवते.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, गाडी न्यूट्रलला. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर), दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला, तर अर्थची पट्टी (इंजिनला बॉडीशी जोडणारी विणलेली तार) किंवा तिचा बोल्ट दगा देतोय.

निगेटिव्ह केबल सोडवून पट्टीची दोन्ही टोकं काढा. बहुधा 10 किंवा 13 चा पाना लागतो. खाली गंज असतो, नाहीतर डेंटिंग-पेंटिंगवाल्याने मारलेला रंग! पॉलिशपेपरने धातू चकचकीत करा. पट्टीची वीण वाकवून बघा. वरून धड, आत हिरवी-काळी भुगा झालेली असेल तर घासत बसू नका, बदला. बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा, सांध्यात नको.

पुन्हा मोजा. आकडा उतरला, तरी इंजिन जडच? मग पॉझिटिव्ह केबल, त्यानंतर स्टार्टरचे कार्बन ब्रश.